रतनवाडी ते नेढं: रतनगडाची एका दिवसाची वाट

रतनगडाचं नाव काढलं की पहिला प्रश्न शिड्यांचा येतो. हलतात का, उंचीला घाबरणाऱ्याला जमतील का, वगैरे. खरं तर शिड्या हा या वाटेवरचा सगळ्यात सरळ भाग आहे. धरायला लोखंड आहे आणि चुकायला दुसरी वाट नाही. लोक अडकतात ते त्याआधीच्या जंगलात. तिथे एकच ओढा पुन्हा पुन्हा ओलांडावा लागतो आणि दर वेळी पलीकडे गुरांच्या दोन-तीन वाटा फुटलेल्या असतात. नाहीतर अडकतात ते घड्याळात: दुपारी नेढ्यात, म्हणजे माथ्यावर डोंगराच्या आरपार पडलेल्या भोकात, बसले की उठवत नाही, आणि मग तोच ओढा अंधारात शोधावा लागतो.

गड अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या टोकाला, कोकणच्या कड्यावर आहे. उंची सुमारे १३०० मीटर. पायथ्याची रतनवाडीच बऱ्यापैकी उंचावर असल्यामुळे प्रत्यक्ष चढाई पाचशे मीटरहून थोडी जास्त भरते. रोज चालणाऱ्याला अडीच तास, मिश्र गटाला तीन-साडेतीन. त्यातला पहिला जवळपास अर्धा भाग जंगलातला सपाट-चढउताराचा, दुसरा खड्या चढाचा, आणि शेवटी शिड्या.

मुंबईकरांची सोय म्हणजे रात्रीची कसारा लोकल आणि पुढे आधीच ठरवलेली जीप. कसारा, इगतपुरी, घोटी, बारी, शेंडी आणि जलाशयाला वळसा घालून रतनवाडी. शेंडीपासूनचा शेवटचा सुमारे २० किलोमीटरचा रस्ता वळणांचा आहे, त्याला पाऊण तास धरा. पुण्याहून राजूर-शेंडी मार्गे साडेचार-पाच तास लागतात, म्हणजे पहाटे निघून त्याच दिवशी गड करायचा बेत कागदावरच बरा दिसतो. आदल्या रात्री रतनवाडीत मुक्काम करणं शहाणपणाचं. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. नाक्यावर माणशी आणि गाडीमागे शुल्क घेतात, पावती जपून ठेवा. सुटे पैसे रोख जवळ हवेत, कारण मोबाइलची रेंज या खोऱ्यात धड नसते आणि 'ऑनलाइन करतो' म्हणत उभं राहावं लागतं. नकाशाही शेंडीच्या आधीच उतरवून ठेवा.

हंगामाबद्दल आमचं मत पक्कं आहे: सप्टेंबरचा शेवट ते फेब्रुवारी. नगर जिल्ह्यातला, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला सगळ्यात जास्त पाऊस याच घाटघर-रतनवाडी पट्ट्यात पडतो. जुलै-ऑगस्टमध्ये गड हिरवा असतो हे खरं, पण वर पोचल्यावर धुक्यात हात लांब केला तर बोटं दिसत नाहीत. ज्या नेढ्यासाठी एवढं चढायचं, त्याच्या दोन्ही बाजूंना तेव्हा फक्त पांढरं असतं. शिवाय ओढा. तो पुढे येतोच. मेच्या अखेरीस आणि जूनच्या तोंडावर काजव्यांसाठी भंडारदऱ्याला झुंबड उडते. तेव्हा गाड्यांच्या रांगेत तासन्‌तास जातात आणि उन्हात कारवीचा चढ कोरडा ठणठणीत असतो. काजवे बघायचे तर काजवेच बघा, गड त्यात कोंबू नका.

निघायची वेळ सकाळी साडेसहा. चहा-पोहे जिथे सांगितले असतील त्या घरी दुपारच्या जेवणाची संख्याही तेव्हाच सांगून टाका. पिठलं-भाकरी माणसं मोजून करतात, आणि चार वाजता अचानक बारा जण दारात उभे राहिले तर घरच्या बाईंची तारांबळ उडते. त्याच घरी किती जण चाललो आहोत आणि किती वाजेपर्यंत परत येणार तेही सांगायचं. रेंज नसलेल्या गावात तुमची वाट बघणारं तेवढंच कुणी असतं.

पाणी माणशी तीन लिटर. एवढं ओझं कशाला, वर टाकी आहेत, असं म्हणणारा गटात एक असतोच. वर टाकी आहेत आणि थंडीपर्यंत त्यांत पिण्याजोगं पाणीही असतं, पण ती गडमाथ्यावर. तिथे पोचेपर्यंतच दीड लिटर संपतं. ओढ्याचं पाणी स्वच्छ दिसतं, पण वर गुरं चरतात, तेव्हा गाळून आणि औषधाची गोळी टाकून अर्धा तास ठेवल्याशिवाय पिऊ नये. खाण्यात काहीतरी खारट हवं. नुसत्या गोड बिस्किटांवर चढणाऱ्यांच्या पोटऱ्यांत उतरताना हमखास गोळे येतात. बूट घट्ट रबरी तळाचे आणि आधी वापरलेले. कोरे बूट पहिल्यांदा याच वाटेवर घातले तर टाचेवर फोड येणारच. प्रत्येकाकडे विजेरी हवी, दिवसाचाच ट्रेक असला तरी. फोनचा उजेड हात अडकवतो आणि शिडीवर हातच लागतात.

अमृतेश्वराचं मंदिर गावातच आहे. हेमाडपंती धाटणीचं, दोन्ही बाजूंनी प्रवेश असलेलं, आतबाहेर कोरीव कामाने भरलेलं. जवळच पुष्करणी आहे आणि तिच्या कोनाड्यांत मूर्ती आहेत. हे सगळं परतल्यावर निवांत बघायचं. सकाळी इथे रेंगाळलात की तो अर्धा तास शिड्यांच्या रांगेत दामदुपटीने फेडावा लागतो.

मंदिराकडून वाट शेतांतून निघते. ऑक्टोबरात भात उभं असतं, तेव्हा बांधावरून एकामागे एक चाला. जोडीने गप्पा मारत गेलात तर दोघांपैकी एकाचा पाय भातात जाणार. शेतं संपली की ओढा लागतो. हीच प्रवरा. रतनगडाच्या उतारांवर उगम पावून ती भंडारदरा धरणात येते आणि पुढे अकोले, संगमनेर करत प्रवरासंगमला गोदावरीला मिळते. १९२६ साली पुरं झालेलं हे धरण खाली तिला अडवतं. इथे मात्र ती दगडगोट्यांतून वाहणारा ओढाच आहे. वाट तिच्या काठाकाठाने दाट झाडीत शिरते आणि तिला पुन्हा पुन्हा ओलांडते.

इथे सावकाश व्हा. काठावर आलात की पाणी ओलांडायच्या आधीच पलीकडची वाट नजरेने शोधायची. ती बहुतेक वेळा समोरासमोर नसते, पात्रातून थोडं वर किंवा खाली चालून मग पलीकडे चढते. दगडांच्या लगोरी किंवा बाणाच्या खुणा असतात, पण दर पावसाळ्यात पूर त्यातल्या काही घेऊन जातो. पलीकडे चढलेली वाट माणसांची की ढोरांची, हे शंभर पावलांत कळतं. ढोरवाट कारवीत शिरून अरुंद होते, फांद्या छातीला लागायला लागतात आणि शेणाशिवाय दुसरी खूण दिसत नाही. माणसांच्या वाटेवर, वाईट वाटलं तरी खरं, गोळ्या-चॉकलेटांचे कागद दिसतात. शंका आली की तिथूनच परत काठावर यायचं. 'पुढे मिळेल' म्हणून तिरकं कापत गेलं की दोन्ही वाटा हातच्या जातात. गटात पुढचा आणि शेवटचा माणूस ठरलेला असावा, दोघांकडे शिट्टी असावी, आणि प्रत्येक ओलांडणीला शेवटचा येईपर्यंत पुढच्याने पाऊल टाकू नये.

पाणी घोट्यापर्यंत असेल तर बूट काढायचे नाहीत. अनवाणी पाय शेवाळलेल्या गोट्यांवर जास्त सटकतो आणि बोटं ठेचतात. सुका मोजा पिशवीत बांधून आणलेला असला की झालं. उड्या मारत दगडावरून दगडावर जाण्यापेक्षा सरळ पाण्यात पाय घालून, काठी उगमाच्या बाजूला टेकवत चाललेलं बरं. काळा, तुळतुळीत कातळ सगळ्यात फसवा, राखाडी आणि खरबरीत दिसणारा त्यातल्या त्यात भरवशाचा. पाणी गुडघ्याला लागत असेल, गढूळ असेल किंवा डोंगरावर पाऊस दिसत असेल, तर तो दिवस गडाचा नाही. सकाळी ओलांडता आलेला ओढा दुपारी वर पाऊस झाला की तासाभरात अंगावर येतो, आणि तेव्हा तुम्ही चुकीच्या काठावर असता.

रान मोठं देखणं आहे. हिरडा, जांभूळ, अंजनी, ऐन आणि त्यांच्याखाली कारवी. हिरडा इथल्या महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांच्या मिळकतीचा भाग आहे. त्याची कोवळी फळं वाळवून बाळहिरडा म्हणून विकतात, तेव्हा झाडाखाली पसरलेलं किंवा पोत्यात भरलेलं काही दिसलं तर ते टाकून दिलेलं नसतं. पावसाळ्यात आणि त्यानंतरही काही दिवस फांदीला हात घालण्याआधी बघा. हिरवा चापडा साप बरोबर हाताच्या उंचीला, पानांच्याच रंगात निवांत बसलेला असतो. थंडीत दुसरा त्रास खाजकुयलीचा. सोनेरी लवेच्या शेंगा वाटेवर लोंबत असतात. लव अंगाला लागली तर चोळू नका, चोळल्याने ती पसरते. चिकटपट्टी लावून उचलली की बरीचशी निघून येते, म्हणून प्रथमोपचाराच्या पेटीतली ती पट्टी वरच ठेवावी.

तासा-दीड तासाने फाटा येतो. उजवीकडची चढणारी वाट रतनगडाची, दुसरी कात्राबाईच्या खिंडीतून हरिश्चंद्रगडाकडे जाते. दुसरी वाट नीट मळलेली असल्यामुळे गप्पांच्या नादात सरळ तिच्यावर जाणारे दर हंगामात सापडतात. पाटी असते, कधी पडलेली असते. पाटीपेक्षा दिशा लक्षात ठेवा: गड पश्चिमेला, कोकणच्या बाजूला आहे. फाट्यानंतर वाट सारखी चढतच राहिली पाहिजे. वीस मिनिटं चालून चढ लागला नाही तर थांबा आणि मागे फिरा.

या चढाने दम निघतो. कारवीच्या रानातून नागमोडी वाट, पायाखाली माती आणि सुटे दगड. पावसानंतर चिखल, डिसेंबरनंतर घसारा. कारवीचा ओला दांडा धरायला चालतो, वाळलेला कट्‌कन मोडतो आणि माणूस त्याच्यासकट खाली येतो. पावलं लहान ठेवावीत, दहा मिनिटं चालून अर्धा मिनिट उभ्याने थांबावं. बसलं की पाय जड होतात. सात वर्षांनी कारवी फुलते तेव्हा हा सगळा उतार जांभळा होतो आणि त्यावर मधमाश्या असतात. एरवीही कड्यांवर आग्या मोहोळं लागलेली असू शकतात. अत्तर फवारून येऊ नका, विडी-सिगरेट पेटवू नका, आणि कड्याखाली आरोळ्या ठोकून प्रतिध्वनी ऐकायची हौस आवरा.

झाडी संपते आणि कातळाच्या भिंतीला लावलेल्या शिड्या समोर येतात. साडेनऊच्या आत इथे पोचलात तर मोकळ्या मिळतात. शनिवार-रविवारी दहानंतर खाली रांग लागते आणि उन्हात तासभर उभं राहावं लागतं. काठ्या घडी करून पाठपिशवीत आडव्या नव्हे, उभ्या बांधा. आडवी काठी कठड्यात अडकते आणि माणूस मागे ओढला जातो. कॅमेरा, बाटली, गळ्यातली लोंबती पिशवी सगळं आत. एका शिडीवर एका वेळी एकच माणूस, तो वर पोचून बाजूला झाला की दुसरा. हातपाय मिळून तीन नेहमी टेकलेले, चौथा हलवायचा. पायरीवर तळव्याचा मधला भाग ठेवायचा, पुढची बोटं नाही. चिखलाने माखलेला बूट आधी खालच्या कातळावर घासून घ्या, नाहीतर तुमच्या बुटाचा चिखल पुढच्या माणसाच्या पायरीवर राहतो. लोखंड सकाळी दवाने ओलं असतं, दुपारी तापलेलं. हातमोजे असतील तर रबरी पकडीचेच. उतरताना तोंड शिडीकडे. भीती वाटणाऱ्याला मध्ये घ्यावं, आणि खालून 'खाली बघू नकोस' असं ओरडू नये, कारण ते ऐकून माणूस आधी खालीच बघतो. कुठल्या पायरीवर पाय आहे आणि पुढची किती वर आहे, एवढंच सांगत राहावं.

शिड्यांनंतर कोरीव पायऱ्या आणि गणेश दरवाजा. इथून उजवीकडे गुहा: एकीत रत्नादेवी, दुसरी मोठी, मुक्कामाची. डावीकडची वाट हनुमान दरवाजातून माथ्याकडे जाते. शिड्यांपासून गुहांपर्यंत माकडांचं राज्य आहे. ती पिशवीची साखळी उघडतात, हातातला पुडा ओढतात, आणि अरुंद जागी दचकून मागे सरकणारा माणूस हाच खरा धोका. खायचं काही बाहेर काढू नका, त्यांना देऊ तर मुळीच नका. आदल्या गटाने दिलेल्या केळ्याची वसुली ती पुढच्या गटाकडून करतात.

माथ्यावर राणीचा हुडा नावाचा भग्न बुरूज, पाण्याची टाकी, कोकण दरवाजा असं बघत कड्याकडेने नेढ्याकडे जायचं. बाटल्या टाक्यांवरच भरून घ्या, मात्र पाणी वापरात दिसत असेल तरच, आणि टाक्यात हातपाय धुऊ नका. कोकण दरवाजाच्या घळीत तोंडाशी उभं राहून बघावं, खाली उतरू नये. पाय टेकायला भरवशाचं काही नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात हे सगळं पठार सोनकीने पिवळं असतं आणि गवत कड्याच्या काठाच्याही बाहेर झुकलेलं असतं. गवत आहे म्हणजे खाली जमीन आहे असं धरून चालू नये. वाट सोडून फोटोसाठी दोन पावलं पुढे गेलेली माणसं याच गवतावरून जातात.

नेढ्यात चढायला दोन-तीन माणूस उंचीचा सोपा कातळटप्पा आहे. खाचा पुरेशा आहेत, पण एकेक दगड हलवून बघितल्याशिवाय त्यावर भार टाकू नका. वर पोचलं की डोंगराच्या आरपार गेलेलं दार. पंधरा-वीस माणसं आरामात बसतील एवढं. सह्याद्रीत नेढी आणखीही आहेत, राजगडाच्या सुवेळा माचीचं आहे, मदनगडावरचं आहे. पण चालत येऊन इतकं ऐसपैस बसायला मिळावं असं हेच. नेढ्याची घडण अशी: सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे एकावर एक थर, त्यातला एखादा सच्छिद्र आणि ठिसूळ. धार जिथे अगदी पातळ झाली तिथे वारा-पावसाने तो दोन्ही बाजूंनी कोरत नेला आणि वरचा टणक थर छत म्हणून राहिला. जमिनीकडे निरखून बघा. खडकात लहानलहान पोकळ्या आणि बोटाने खरवडली तर सुटणारी भुकटी दिसेल. हीच भुकटी बुटाखाली बारीक वाळूसारखी लोळते, म्हणून कडेला उभं न राहता बसून सरकायचं.

आणि वारा. डोंगराची धार त्याला अडवते आणि हे एकच भोक सापडतं, त्यामुळे खाली पान हलत नसलं तरी इथे टोपी उडते. घामाने भिजलेल्या अंगाला दहा मिनिटांत हुडहुडी भरते, तेव्हा पातळ वाऱ्याचं जाकीट चढवून मगच डबा उघडा. उघडलेला प्लास्टिकचा कागद लगेच खिशात, नाहीतर तो दुसऱ्या जिल्ह्यात जातो. अतिशयोक्ती नाही, पश्चिमेला खाली ठाणे जिल्ह्यातलं शहापूर आहे. हवा स्वच्छ असेल तर अलंग-मदन-कुलंग, कळसूबाई, आजोबा पर्वत, कात्राबाई असा सगळा पट ओळखता येतो. जलाशयाचे फाटे मागे पसरलेले असतात. जवळच, गडापासून सुटलेला खुट्टा उभा आहे. तो सुळका प्रस्तरारोहकांचा, दोर आणि साहित्याशिवाय त्याच्या नादी लागायचं नाही.

नेढ्यातून एक वाजेपर्यंत उठा. गड पश्चिमेला असल्यामुळे रतनवाडीच्या बाजूला ऊन लवकर जातं, आणि ऑक्टोबरात सहाला सूर्यास्त असला तरी ओढ्याच्या झाडीत पाचलाच अंधारून येतं. दोनपर्यंत शिड्या उतरल्या तर साडेचारला गावात पोचता येतं. घसाऱ्यावर गुडघे वाकवून, तिरके पाय टाकत उतरा. टाचेवर भार देऊन सरळ उतरणारा दर तिसऱ्या वळणावर बसतो. आणि ओढ्याच्या ओलांडण्या उलट दिशेने वेगळ्या दिसतात. सकाळी प्रत्येक ठिकाणी पलीकडे गेल्यावर मागे वळून फोटो काढून ठेवला असेल तर संध्याकाळी त्याचा उपयोग नकाशापेक्षा जास्त होतो.

पाय अजून ताजे असतील आणि पाऊस सरलेला असेल, तर त्र्यंबक दरवाजाने साम्रद गावाला उतरता येतं. नेढ्याच्या पुढे धार संपते तिथे कातळात कोरलेल्या उंच, उभ्या पायऱ्या आहेत. ओल्या असताना त्या शिड्यांपेक्षा कठीण, कारण धरायला लोखंड नाही. काही ठिकाणी बसूनच उतरावं लागतं. दरवाजाबाहेर पडून खुट्ट्याजवळून पुढे जंगलातून दोन-अडीच तासांत साम्रद. कात्राबाईचा फाटा या वाटेवर नाही, पण सांधण दरीकडे जाणाऱ्या वाटा आहेत, तेव्हा पहिल्यांदा जाणाऱ्यांनी गावातला वाटाड्या घ्यावाच. गाडी मात्र रतनवाडीत उभी असते आणि साम्रदला रेंज मिळेलच असं नाही. त्यामुळे चालकाला सकाळीच सांगून ठेवा: साडेतीनला साम्रदच्या गाडीतळावर, आणि आम्ही आलो नाही तरी साडेपाचपर्यंत हलायचं नाही.